माजी मंत्र्यांसाठी लेखन-प्रवेशिका

निकाल लागून निदान महिना उलटला असेल तरच ही प्रवेशिका हाती घ्यावी. पहिल्या महिन्यात पडलेला माणूस मतदानयंत्र, जातीचं गणित आणि सख्खा चुलतभाऊ या तीनच विषयांवर बोलतो आणि त्यातलं काहीही छापण्याजोगं नसतं. महिन्याभरात घर शांत होतं. स्वीय सहायक नव्या मंत्र्याकडे रुजू होतो. बंगला रिकामा करण्याचं पत्र येतं. सकाळी सातपासून व्हरांड्यात बसणारी माणसं आता दहाला येतात, आणि तीही अशी, की ज्यांचं काम तुम्ही मंत्री असतानाही झालं नव्हतं. मग एक दिवस सूनबाई चहा ठेवता ठेवता म्हणतात, "बाबा, तुम्ही लिहीत का नाही? केवढे अनुभव आहेत तुमच्याकडे!" हे वाक्य कानी आलं की दुसरी कारकीर्द सुरू झाली असं समजावं. सूनबाईंचा हेतू वेगळा असतो (तुम्ही दिवसभर हॉलमध्ये बातम्या लावून बसता), पण साहित्यात हेतूला फारसं महत्त्व नाही.

घाबरू नये, वाट मळलेली आहे. बेंजामिन डिझरेली १८६८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले, त्याच वर्षी पायउतार झाले आणि १८७० मध्ये 'लोथेर' नावाची कादंबरी काढून मोकळे झाले. १८७४ मध्ये पुन्हा पंतप्रधान. १८८० मध्ये पुन्हा पराभव, आणि वर्ष संपायच्या आत 'एन्डिमियन' बाजारात. लाँगमन या प्रकाशकाने तिच्यासाठी १०,००० पौंड मोजले होते. हरलं की लिहायचं, जिंकलं की लेखणी म्यान करायची, हा शिरस्ता त्यांनी घालून दिला. आता डिझरेली खासदार होण्याच्या दहा-अकरा वर्षं आधीपासूनच कादंबऱ्या लिहीत होते, ही गोष्ट वेगळी. तुम्हाला तशी सवय नसेल तर पुढे वाचा.

आधी कर्ज तपासा

लेखक होण्याचं सर्वांत सबळ कारण म्हणजे दारात उभे असलेले घेणेकरी. प्रतिभा, चिंतन, समाजाचं देणं वगैरे नंतर.

जेफ्री आर्चर डिसेंबर १९६९ मध्ये लाउथच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षातर्फे निवडून आले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पुढे त्यांनी अ‍ॅक्वाब्लास्ट नावाच्या एका कॅनेडियन कंपनीत पैसे घातले. कंपनी बुडाली आणि डोक्यावर ४ लाख पौंडांहून जास्त कर्ज झालं. दिवाळखोरी समोर दिसत असताना खासदारकी टिकणं कठीण, म्हणून ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत. हाताला काम नाही, तेव्हा कादंबरी लिहायला बसले. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. चार जण एका बनावट कंपनीत पैसे घालवतात आणि मग त्या ठकसेनाकडून आपली रक्कम चोख वसूल करतात, पै जास्त नाही, पै कमी नाही. 'नॉट अ पेनी मोअर, नॉट अ पेनी लेस' १९७६ मध्ये आली. तीन वर्षांनी 'केन अँड एबल' आली आणि मग कर्जाची चिंता उरली नाही. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर ती कितीतरी वर्षं हटली नाही.

नवोदितांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे: स्वतःचं वाटोळं हे भांडवल समजावं. तुमच्या पदरी एखादी बुडालेली पतसंस्था किंवा अवसायनात निघालेली सूतगिरणी असेल तर कथानक तयार आहे. फक्त त्यात तुम्ही पैसे घालवणाऱ्या चौघांपैकी आहात की पाचवे, हे लिहायला बसण्यापूर्वी वकिलांकडून पक्कं करून घ्यावं.

आर्चर लिहितात कसे, तेही जाणून घेण्यासारखं आहे. हाताने लिहितात, स्केचपेनने. सकाळी सहा ते आठ, मग दहा ते बारा, दुपारी दोन ते चार, संध्याकाळी सहा ते आठ. समोर वाळूचं घड्याळ ठेवलेलं. एका पुस्तकाचे डझनभराहून जास्त खर्डे होतात. हा दिनक्रम ऐकवल्यावर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच माजी लोकप्रतिनिधींचा चेहरा अंदाज समितीचा अहवाल वाचायला दिल्यासारखा झालेला आहे. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात दुसरी सोय आहे. तिला शब्दांकन म्हणतात.

शब्दांकनकार नेमताना

शब्दांकनकार तीन ठिकाणी मिळतो: निवृत्त उपसंपादकांत, जिल्हा वार्ताहरांत आणि मराठीच्या प्राध्यापकांत. प्राध्यापक सर्वांत सोयीचा. तो ज्या महाविद्यालयात शिकवतो ती संस्था बहुधा तुमचीच असते, त्यामुळे मानधनाचा विषय निघत नाही. उपसंपादकाला भाषा चांगली येते, पण त्याला तुमच्याबद्दल माहितीही असते, हा त्याचा दोष. वार्ताहराला त्याहून जास्त माहिती असते.

यात कमीपणा मानू नये. मौलाना आझादांनी 'इंडिया विन्स फ्रीडम' उर्दूतून सांगितलं आणि हुमायून कबीरांनी ते इंग्रजीत उतरवलं. चर्चिलनी दुसऱ्या महायुद्धाचे सहा खंड काढले तेव्हा त्यांच्या हाताखाली निवृत्त सेनाधिकारी आणि इतिहासकारांचं अख्खं पथक होतं. ते कागद जमवत, टिपणं काढत, मसुदे लिहीत. साहेब फेऱ्या मारत मजकूर सांगत आणि चिटणीस तो उतरून घेत. मंत्रालयातही याहून वेगळं काय चालतं? टिपणी कक्ष अधिकारी लिहितो आणि निर्णय तुमचा म्हणून ओळखला जातो.

बैठक कशी होते त्याचा एक नमुना पाहू. जागा: तालुक्याच्या गावाबाहेरचं फार्महाऊस. टेबलावर मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. शेजारी शेंगदाण्याची वाटी. प्राध्यापकांच्या हातात दोनशे पानी वही, कारण मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. साहेब आरामखुर्चीत. मागे जुना कार्यकर्ता, त्याला सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं काम गप्प बसायचं आहे आणि ते त्यांना जमत नाही. प्रकरण अकरावं, सरकार पडलं ती रात्र.

साहेब सांगू लागतात. सुरुवातीला सावध, मग रंगतात. कोण कोणाच्या गाडीत बसलं, कोणत्या हॉटेलच्या मागच्या दाराने बाहेर पडलं, सह्यांच्या कागदावर पहिली सही कोणाची होती, आईच्या शपथा कोणी खाल्ल्या. प्राध्यापकांचं पेन थांबतं. वीस वर्षांत त्यांनी एवढं उत्तम गद्य ऐकलेलं नाही. साहेब शेवटी मांडीवर हात मारून म्हणतात, "अन् त्या हरामखोरानं मला पहाटे चारला मिठी मारली आणि साडेचारला तिकडं जाऊन बसला!"

अण्णा खाकरतात. "साहेब, ते आता पालकमंत्री हैत."

शांतता. साहेब एक शेंगदाणा उचलतात. "प्राध्यापक, हे नका घेऊ. म्हणजे घ्या, पण जरा वेगळ्या पद्धतीनं घ्या."

त्यानंतर त्या वाक्याचा प्रवास असा होतो. पहिलं प्रूफ: "पहाटे मला मिठी मारणाऱ्या सहकाऱ्याने अर्ध्या तासात माझा विश्वासघात केला." दुसरं प्रूफ, धाकट्या चिरंजीवांनी वाचल्यानंतर, कारण त्यांना झेडपीचं तिकीट हवंय: "त्या पहाटे काही सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला." तिसरं प्रूफ, वकिलांनी वाचल्यानंतर: "त्या रात्री पाऊस फार होता."

छापून हेच येतं. जाणकार वाचकाला ते पुरतं. मराठी राजकीय आत्मचरित्रांत पाऊस कुठे कुठे पडलाय याची नोंद ठेवणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. राज्याचा खरा इतिहास त्यांच्याकडे आहे.

कादंबरी की आत्मचरित्र?

कादंबरीचा मोठा फायदा असा, की अब्रुनुकसानीचा दावा लावणाऱ्याला आधी कोर्टात कबूल करावं लागतं की पुस्तकातला लबाड मीच. तरीही मराठी माजी मंत्री या प्रकाराकडे वळत नाहीत. त्यांना नायकाला दुसरं नाव द्यायचं जिवावर येत असावं.

पी. व्ही. नरसिंह रावांना ते जमलं. पंतप्रधानपद गेल्यावर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांची 'द इन्सायडर' आली. नायकाचं नाव आनंद, राज्याचं नाव अफ्रोझाबाद, आणि वाचणाऱ्याला आंध्र प्रदेश ओळखायला एक पानही लागत नाही. रावांची गोष्ट आपल्या जवळची आहे, ते रामटेकचे खासदार होते म्हणूनच नव्हे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' या नावाने. विश्वनाथ सत्यनारायण यांची 'वेयिपडगलु' हिंदीत आणली, 'सहस्रफण' म्हणून. दुसऱ्याच्या वाक्यांवर अशी वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य लिहिताना फार पाऊस लागत नाही. महाराष्ट्रातल्या किती माजी मंत्र्यांनी हरिभाऊ नुसते वाचले असतील, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

कवितेच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. जिमी कार्टरनी १९९५ मध्ये कवितासंग्रह काढला, २००३ मध्ये कादंबरी काढली आणि शिवाय ते उत्तम सुतारकाम करत. तुमच्यापाशी रंधा असेल तर विचार करावा.

लिहायची जागा

फार्महाऊस चालतं, पण अनुभव असा की तुरुंगाला तोड नाही. तिथे कार्यकर्ते येत नाहीत, फोन नाही, उद्घाटनं नाहीत. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिलं गेलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात पाच महिन्यांत हातावेगळं केलं, आणि त्याच किल्ल्यात मौलाना आझाद 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं लिहीत होते. एका नगरच्या किल्ल्याने वाङ्मयाला जेवढं दिलं तेवढं कित्येक साहित्य संस्थांना अनुदान घेऊनही जमलेलं नाही.

ते सत्याग्रहाचे तुरुंग होते, हे मान्य. आर्चर मात्र २००१ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल चार वर्षांच्या शिक्षेवर आत गेले आणि रोजनिशीचे तीन खंड घेऊन बाहेर आले. नावं दांतेवरून: नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग. ज्या भानगडीने पद जातं तिच्यावरच पुढचा संसार चालवायचा, ही कला त्यांच्याकडून शिकावी. आपले संजय राऊत पेशाने संपादकच, आणि अजून माजीही नाहीत, तरी इथे त्यांची दखल घ्यायला हवी. आर्थर रोड तुरुंगातल्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक २०२५ मध्ये आलं, 'नरकातला स्वर्ग'. आर्चरना ज्याला तीन खंड लागले ते मराठीत एका शीर्षकात बसलं.

थांबायचं कुठे

ही प्रवेशिकेतली कळीची जागा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

नवोदित लेखकाची समजूत अशी असते की वाचकांना आपला मंत्रिपदाचा काळ ऐकायचा आहे. म्हणून तो बालपण दहा पानांत आटोपतो आणि मग साडेतीनशे पानं खात्यांची, योजनांची, शिष्टमंडळांची, कोनशिलांची. तेव्हा थोडं मागे वळून बघावं. युलिसिस ग्रँट आठ वर्षं अमेरिकेचे अध्यक्ष होते. १८८४ मध्ये भागीदाराने फसवल्यामुळे ते कफल्लक झाले, त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. बायको उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. मार्क ट्वेनच्या प्रकाशन संस्थेने निव्वळ नफ्याचा ७० टक्के वाटा कबूल केला. जुलै १८८५ मध्ये लिखाण संपलं आणि २३ तारखेला ग्रँट गेले. त्यांच्या पत्नीला मिळालेला पहिलाच धनादेश २ लाख डॉलरचा होता. अमेरिकन गद्यातलं ते आजही मानाचं पुस्तक आहे, आणि त्यात अध्यक्षपदाची आठ वर्षं जवळजवळ नाहीतच! लहानपण आहे, मेक्सिकोचं युद्ध आहे, यादवी युद्ध आहे. व्हाइट हाऊसच्या दारापाशी माणूस गप्प होतो.

'द इन्सायडर'चंही तेच. आनंद मुख्यमंत्रिपदापर्यंत येतो, आणि १९७३ च्या सुमाराला कथा आवरती घेतली जाते. दिल्ली नाही. ज्या प्रसंगाबद्दल साऱ्या देशाला त्यांना विचारायचं होतं, त्या ६ डिसेंबर १९९२ वरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये आलं. तोवर उलट प्रश्न विचारायची सोय उरली नव्हती.

आणि आपलं 'कृष्णाकाठ'. यशवंतराव चव्हाणांनी तीन खंड योजले होते: कृष्णाकाठ, सागरतीर, यमुनाकाठ. म्हणजे कराड, मुंबई, दिल्ली. पहिला खंड १९८४ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला ते गेले. त्या खंडाचा शेवट १९४६ पाशी होतो, सत्तेच्या उंबरठ्यावर. देवराष्ट्रे, आई विठाई, कराडच्या टिळक हायस्कूलचे मास्तर, येरवडा, बेचाळीसचं भूमिगत जगणं. संयुक्त महाराष्ट्र नाही, चीनच्या युद्धानंतरचं संरक्षण खातं नाही, १९७८ नाही. सागरतीर आणि यमुनाकाठ लिहून झाले असते तर महाराष्ट्राला किती कळलं असतं, यावर अनेकांनी हळहळ व्यक्त केली आहे. मीही हळहळतो, पण मनात एक शंका राहते. कृष्णाकाठावरच्या यशवंतरावांना कुणाला सांभाळून घ्यायचं नव्हतं. मुंबई-दिल्लीच्या यशवंतरावांनी आयुष्यभर सांभाळूनच घेतलं. तो हात लिहिताना मोकळा झाला असता का?

तेव्हा नवोदितांनी निःसंकोचपणे पहिली शपथ घेण्याच्या आदल्या दिवशी थांबावं. तोवर तुमच्यापाशी गरिबी असते, एखादा खडूस मास्तर असतो, एसटीच्या टपावरून केलेला प्रवास असतो, पहिल्या निवडणुकीत उधार घेतलेली जीप असते. या गोष्टी तुम्हाला सांगता येतात, कारण त्यांत कुणी पालकमंत्री होऊन बसलेलं नसतं. नंतरच्या वर्षांसाठी शेवटी एक छायाचित्र विभाग द्यावा. आर्ट पेपरवर, सोळा पानं. पंतप्रधानांबरोबर तुम्ही, दुसऱ्या पंतप्रधानांबरोबर तुम्ही, रशियात कानटोपी घालून तुम्ही.

अगदीच राहवत नसेल तर आझादांचा मार्ग आहे. त्यांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम'मधली सुमारे ३० पानं मोहोरबंद करून ३० वर्षं कुलपात ठेवली गेली. पुस्तक १९५९ मध्ये आलं, संपूर्ण आवृत्ती १९८८ मध्ये. त्या न छापलेल्या पानांची चर्चा छापलेल्या पानांपेक्षा जास्त झाली असेल. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसलं तरी एक लखोटा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून द्यावा आणि अण्णांच्या कानावर घालावं. जिल्ह्यातले चार जण लगेच तुम्हाला भेटायला येतील.

वारसांचाही विचार आधीच करून ठेवावा. प्रणव मुखर्जींच्या आठवणींचा शेवटचा खंड त्यांच्या निधनानंतर यायचा होता. डिसेंबर २०२० मध्ये मुलगा ट्विटरवर म्हणाला प्रकाशन थांबवा, मुलगी तिथेच म्हणाली अडवू नकोस. जानेवारीत पुस्तक आलं. सातबारावर नावं लावता तसं हस्तलिखितावरही लावून जावं.

नाव

नावाचे प्रकार मोजके आहेत. एक, संतवाणीचा वास येणारं: बाळासाहेब विखे पाटलांचं 'देह वेचावा कारणी'. दोन, संस्कृत आणि उद्गारचिन्हासह: राम नाईकांचं 'चरैवेति! चरैवेति!!' (हे आधी 'सकाळ'मध्ये लेखमाला म्हणून आलं. नवोदितांनी हा जिना जरूर चढावा. दर आठवड्याची मुदत ही शब्दांकनकारापेक्षा कडक असते.) तीन, हवामान: नारायण राण्यांचं 'झंझावात'. चार, विरामचिन्ह: यशवंतराव गडाखांचं 'अर्धविराम'. नगरकडच्या या माजी खासदाराला खरोखर लिहिता येतं, हे इथे नोंदवतो, कारण प्रवेशिकेच्या नियमाला अपवाद असलेला बरा. पाच, जनता: शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती'. पूर्णविराम हे नाव अजून कुणी घेतल्याचं दिसत नाही, आणि कुणी घेईल असंही वाटत नाही.

प्रकाशन सोहळा

व्यासपीठावर सर्व पक्षांचे लोक बसवावेत. विरोधकाला पहिल्या रांगेत घ्यावं. त्याने पुस्तक वाचलेलं नसतं, त्यामुळे तो मनापासून चांगलं बोलतो. समीक्षकाला बोलावू नये, त्याने चाळलेलं असतं.

त्या दिवशी पुस्तकाखेरीज काहीही जाहीर करू नये. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात 'लोक माझे सांगाती'च्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन होतं. पवारांनी तिथेच पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं. सभागृहात रडारड, घोषणा, विनवण्या, आणि ५ मे रोजी निर्णय मागे. राजकारण म्हणून त्या तीन दिवसांची चर्चा अजून होते, पण आवृत्तीत सुधारणा काय झाली होती, हे त्या गदारोळात किती जणांनी पाहिलं? सुशीलकुमार शिंद्यांच्या आठवणी सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत प्रकाशित झाल्या, तेव्हा गृहमंत्री असताना श्रीनगरच्या लाल चौकात जायला आपल्याला भीती वाटायची, अशा अर्थाचं ते मोकळेपणाने बोलून गेले. दुसऱ्या दिवशी बातमी भीतीची, पुस्तकाची नाही. खरं बोलायचंच असेल तर ते पान २८७ वर छापावं. तिथपर्यंत कुणी येत नाही.

बंदी किंवा हकालपट्टी झाली तर मात्र सोनं होतं. ऑगस्ट २००९ मध्ये जसवंत सिंहांचं जिनांवरचं पुस्तक आलं आणि एक-दोन दिवसांतच पक्षाने त्यांना काढलं. गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती पुढे उच्च न्यायालयाने उठवली. फाळणीवरच्या जाडजूड ग्रंथाला एरवी जे वाचक मिळाले नसते ते मिळाले. पण हा योग ठरवून आणता येत नाही. त्यासाठी पुस्तकात काहीतरी म्हणावं लागतं.

विक्री

पहिली आवृत्ती हजार प्रतींची काढावी. ग्रँटच्या आठवणी जुन्या सैनिकांनी दारोदार फिरून विकल्या होत्या. तुमच्याकडे बूथप्रमुख आहेत. जिल्हा बँक, शिक्षण संस्था, दूध संघ यांना शंभर-शंभर प्रती. कारखाना असेल तर सभासदांना दिवाळीच्या सवलतीच्या साखरेबरोबर एकेक प्रत जाते. पिशवीतून साखर आधी काढली जाते, त्यामुळे पुस्तकाला तळाशी थोडी चव येते. राज्यात अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. शासनमान्य यादीत नाव लागलं तर दुसरी आवृत्ती निघायला हरकत नाही. दुकानात पुस्तक कुठल्या फळीवर लावलंय यावर लक्ष असू द्यावं. टोनी ब्लेअर यांचं 'अ जर्नी' २०१० मध्ये आलं, तेव्हा इराक युद्धावर चिडलेले ब्रिटिश वाचक ते दुकानातून उचलून गुन्हेगारी कथांच्या विभागात नेऊन ठेवत होते.

पुस्तक आलं की साहित्यिक म्हणून बोलावणी सुरू होतात. संमेलनाचं स्वागताध्यक्षपद आलं तर घ्यावं, मात्र अध्यक्ष कोण हे विचारून. १९७५ मध्ये कराडच्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव होते, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. देशात आणीबाणी होती. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

पुन्हा सत्ता आल्यास

असं होतं. चर्चिल १९४५ मध्ये हरले, खंडामागून खंड काढत राहिले आणि १९५१ मध्ये परत पंतप्रधान झाले, शेवटचा खंड बाहेर यायचा असताना. अशा वेळी दुसऱ्या खंडाची जाहिरात थांबवावी, प्राध्यापकांकडून वही परत घ्यावी आणि मोबाइलमधलं रेकॉर्डिंग चिरंजीवांच्या देखत पुसावं. अण्णांना महामंडळ द्यावं. शिल्लक प्रती मात्र रद्दीत घालू नयेत. मंत्र्याच्या पुस्तकाला मागणी वेगळीच असते, आणि खात्यातले अधिकारी ते वाचल्याचं शपथेवर सांगतात.

एक शेवटची सूचना. चर्चिलना साहित्याचं नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये, म्हणजे ते पुन्हा पंतप्रधान असताना. समारंभाच्या वेळी ते बर्म्युडाच्या परिषदेत अडकले होते, म्हणून पारितोषिक घ्यायला पत्नी क्लेमेंटाईन स्टॉकहोमला गेल्या. तुमचंही अधिवेशन हिवाळी असतं आणि नोबेलचा समारंभ १० डिसेंबरला. नागपूर सोडून जाता येणार नाही. घरच्यांचा पासपोर्ट चालू आहे का, ते आत्ताच पाहून घ्या.